परदेशातून परतताना शाळा कोणती?

प्रश्न : सहा वर्षे जर्मनीत राहून आम्ही पुढील वर्षी सांगलीला, विश्रामबाग भागातील घरी परतत आहोत. मुलगी नऊ वर्षांची, तर मुलगा आठवीत आहे. दोघेही मराठी बोलतात. लिहिता मात्र येत नाही. शाळा कोणत्या मंडळाची निवडावी?

उत्तर : मुलीसाठी विश्रामबागेतील घराजवळची, शिक्षक आपुलकीने बोलणारी शाळा पुरे. मुलाचा प्रश्न नाजूक आहे. सीबीएसईत दहावीच्या परीक्षेची नोंदणी नववीतच होते व थेट दहावीत प्रवेश मिळणे अवघड असते. म्हणून परतीचे तिकीट काढण्याआधी, सीबीएसईचे वर्ष एप्रिलमध्ये आणि राज्य मंडळाचे जूनमध्ये सुरू होते हे ध्यानात घ्यावे आणि त्याला नववीच्या आरंभीच शाळेत बसवता येईल असे परतावे. २०२० च्या कायद्यानुसार राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे (ती टळावी, असे आम्हांला वाटतही नाही), तेव्हा देवनागरी लेखनाचा सराव तिकडेच सुरू करा.