काळी गाडी, गोल ओरखडे आणि वॅक्सचा डबा

प्रश्न : दादा नमस्कार, गेल्या दिवाळीत काळी गाडी घेतली, घरचे सगळे पांढरी घे पांढरी घे म्हणत होते, ऐकलं नाही. आता ऊन पडलं की बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात, आणि बायको काही बोलत नाही पण बघते. दुकानात गेलो तर दोनशेपासून चार हजारापर्यंत वॅक्स, त्यात एक खास काळ्या गाडीसाठी, रंगानेही काळंच. कोणतं घेऊ? दसऱ्याला गाडी चमकली पाहिजे. – एक वाचक, चिंचवड

उत्तर : दादा, आधी वाईट बातमी देऊन टाकतो. वॅक्सने ओरखडा जात नाही, कुठल्याच नाही, चार हजाराच्यानेही नाही. तुमच्या गाडीचा काळा रंग खाली आहे आणि त्याच्यावर पारदर्शक क्लिअरकोटचा थर आहे, साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. ओरखडे त्या थरावर आहेत. पांढऱ्या गाडीवरही तेवढेच असतात हो, फक्त मागे पांढरं असल्यामुळे दिसत नाहीत, काळ्यावर प्रत्येक चिरेची कड उजेडात चमकते. आणि ते गोल पण नसतात खरं तर. आडवेतिडवे असतात सगळे, त्यातले जे सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती वळसा घातल्यासारखे पडलेत तेवढेच उजळतात म्हणून जाळं दिसतं. डोकं जरा बाजूला सरकवून बघा, जाळंही तुमच्याबरोबर सरकेल.

ते काढायचे तर पॉलिश, म्हणजे क्लिअरकोट किंचित घासून सपाट करणं. हे मशीनवर हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्या, आणि दरवर्षी नको, कारण घासलेला थर परत येत नाही. वॅक्स त्यानंतरचं काम, झालेली चमक टिकवायला.

आता ते काळं वॅक्स. त्यात काळा रंग मिसळलेला असतो, तो बारीक चिरांमध्ये जाऊन बसतो आणि गाडी एकदम नवी वाटते, चार-पाच वेळा धुतली की निघून जातो. लग्नाच्या मेकअपसारखं आहे, वाईट नाही, दसऱ्यापुरतं चालेल, पण उपाय म्हणून घेऊ नका. त्याचा एक खरा फायदा सांगतो, साधं वॅक्स दाराच्या काळ्या प्लॅस्टिक पट्टीवर वाळलं की पांढरे डाग पडतात, काळ्या वॅक्सचे तसे दिसत नाहीत. तसं पट्टीवर कागदी चिकटपट्टी लावून घेतली तर कुठलंही वॅक्स चालतं.

डबा घेताना रंग नका बघू, एवढंच वाचा की त्यावर क्लीनर वॅक्स लिहिलंय का. लिहिलं असेल तर आत बारीक घासणारी पूड असण्याची शक्यता जास्त. काळवंडलेल्या जुन्या गाडीला ते ठीक, तुमच्या एक वर्षाच्या काळ्या गाडीला नको. राहिले दोन प्रकार. कार्नौबा म्हणजे ब्राझीलच्या ईशान्येकडे होणाऱ्या एका पामच्या पानांवरचं मेण, गडद रंगावर त्याची जी ओली-ओली खोल झळाळी येते ती मला दुसऱ्या कशात दिसली नाही, पण आपल्या उन्हात दीड-दोन महिने टिकलं तरी खूप. दुसरं सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाऐवजी कारखान्यात बनवलेला संरक्षक लेप, चमक जरा काचेसारखी, कोरडी, पण चार-सहा महिने निघतात. गाडी उघड्यावर उभी असेल तर सीलंट, पार्किंगला छप्पर असेल आणि तुम्हाला रविवारी हात चालवायची हौस असेल तर कार्नौबा. मी स्वतः पावसाळा संपला की सीलंट लावतो आणि सणाच्या आधी त्यावर कार्नौबाचा एक हात देतो. उलट क्रमाने करू नका, मेणावर सीलंट धरत नाही.

लावताना सावली हवी आणि बोनेट थंड. अर्ध्या दाराला वाटाण्याएवढं पुरे, आपल्याकडे पोळीवर तूप लावल्यासारखं थापतात आणि मग पुसता पुसता खांदे जातात. बोट फिरवून बघायचं, स्वच्छ रेघ उमटली की मऊ मायक्रोफायबरने पुसायचं, फडकं सारखं उलटत राहायचं.

पण दादा, तुम्ही एक विचारलंच नाही. तुमची गाडी रोज सकाळी कोण पुसतं? सोसायटीत एक माणूस, एक बादली, एक फडकं आणि पंचवीस गाड्या, बरोबर? तेविसाव्या गाडीपर्यंत त्या फडक्यात अख्ख्या पार्किंगची माती असते आणि तीच तुमच्या बोनेटवर गोल गोल फिरते. माझ्याही निळ्या गाडीचं असंच झालं होतं, एका वॉशिंग सेंटरला पोराने खाली पडलेलं फडकं उचललं आणि तसंच फिरवलं, मी चहा पीत समोर उभा. त्या माणसाला त्याचे पैसे द्या, पण काचा आणि आतलं पुसायला सांगा. बाकी आठवड्यातून एकदा स्वतः, एका बादलीत शॅम्पू, दुसरीत हात धुवायचं साधं पाणी, आधी पाइपने धूळ उडवून.

दसऱ्याला बोनेटवर स्वस्तिक काढणार असाल तर ओल्या कुंकवाचं काढा आणि नंतर भरपूर पाण्याने सोडवा, कोरडं घासून काढू नका.

प्रश्न : माझी गाडी गडद मरून आहे, बोअरच्या पाण्याने धुते, पांढरे ठिपके पडतात, वॅक्स लावूनही जात नाहीत. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, ते क्षार आहेत, पाणी उडून जातं आणि चुना राहतो, तुमच्या बादलीच्या कडेला बसतो ना तोच. त्यावर वॅक्स लावलं म्हणजे ठिपके झाकून ठेवले. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करा, थंड गाडीवर ओलं फडकं मिनिटभर ठेवा, मग धुऊन टाका. त्यानेही गेले नाहीत तर क्षाराने क्लिअरकोट खाल्लाय, तिथे पॉलिशवालाच लागेल. व्हिनेगरने जुनं वॅक्सही उतरतं, म्हणून नवा हात द्यावा लागेल. आणि सोलापूरच्या उन्हात दुपारी गाडी धुऊ नका हो, पुसायच्या आधीच वाळते. सकाळी सहाला धुवा आणि एकेक भाग लगेच कोरडा करा.

प्रश्न : शेजारचे काका काळी गाडी डिझेलच्या बोळ्याने पुसतात, माझ्या वॅक्सपेक्षा जास्त चमकते! – एक वाचक, सातारा

उत्तर : चमकणारच, तेलकट आहे ना. संध्याकाळपर्यंत त्यावर धूळ चिकटते आणि दुसऱ्या दिवशी काका तीच धूळ बोळ्याने चोळतात. दारांच्या रबरालाही डिझेल सोसत नाही. काकांना काही सांगायला जाऊ नका, ऐकणार नाहीत. दोघांच्या गाड्या एकदा दुपारी बाराच्या उन्हात शेजारी उभ्या करा.