डांबर आणि पाणंद, दोन्हींला एकच सायकल

प्रश्न : खानापूरहून रोज मच्छेला कामावर सायकलने जातो, हायवेनेच. रविवारी जांबोटीकडे आडवाटेने फिरायला आवडतं. दुकानदार म्हणतो जाड टायरची एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) घ्या, मित्र म्हणतो अरुंद टायरची रोडबाईक घे. काय घेऊ?

उत्तर : दोन्ही नको. आठवड्यातले सहा दिवस तुम्ही डांबरावर असता. एमटीबीचे सव्वादोन इंची खाचांचे टायर तिथं नुसते घुमत राहतात, पाय दुखतात आणि वेळ जातो. रोडबाईकचं दुखणं उलटं. एका श्रावणात २८ मिलिमीटरच्या टायरची रोडबाईक घेऊन मी राकसकोपच्या बाजूला एका पाणंदीत शिरलो. शंभर पावलं गेलो नसेन, तांबडी माती टायर आणि ब्रेकच्या मधल्या फटीत अशी ठासून बसली की चाकच फिरेना. काडीनं खरवडायचं, दहा पावलं जायचं, पुन्हा खरवडायचं. शेवटी सायकल खांद्यावर घेऊन डांबर गाठलं. सायकल चांगलीच होती, पण चिखल निसटायला तिच्यात जागा नव्हती.

म्हणून दुकानात गिअर किती आणि रंग कोणता हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘या फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती रुंदीचा टायर बसतो?’ उत्तर ४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आलं तरच पुढचं बोलणं. टायरच्या दोन्ही बाजूंना निदान ५-६ मिलिमीटर मोकळी जागा डोळ्यांना दिसली पाहिजे. सरळ हँडलच्या बऱ्याच हायब्रीड, म्हणजे रोडबाईक आणि एमटीबीच्या मधल्या सायकली, यात बसतात. खाली वळलेलं हँडल हवं असेल आणि खिसा साथ देत असेल तर ग्रॅव्हल बाईक, म्हणजे रुंद टायर बसणारी रोडबाईक, बघा.

टायर ३८ चा घ्या, मधोमध जवळजवळ गुळगुळीत आणि कडेला बारीक खाचा असलेला. तुमचं वजन ७० किलोच्या आसपास असेल तर मागच्या चाकात हायवेसाठी ५५ पीएसआय हवा भरा, जांबोटीकडे निघताना ४० वर आणा. पुढच्या चाकात चार-पाच कमी. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, आणि आपल्याकडे बहुतेक जण रोज तेवढीच हवा ठासतात. मग खडीवर सायकल उडते आणि दोष सायकलीला लागतो.

प्रश्न : निपाणीत त्याच किमतीत पुढं सस्पेन्शन असलेली हायब्रीड मिळतेय. तवंदी घाटातही जायचं असतं. घेऊ का?

उत्तर : नको, ताई. त्याच किमतीत सस्पेन्शन मिळतंय म्हणजे दुसरीकडं कुठंतरी कात्री लागलेली असणार. स्वस्त स्प्रिंगचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) दोन किलोच्या वर भरतो, साधा लोखंडी फोर्क किलोभराच्या आसपास. घाटात उभं राहून पॅडल मारलं की तुमचा निम्मा जोर तो फोर्क दाबण्यात जातो असं वाटतं. दोन पावसाळ्यांत माती आत शिरते, गंज चढतो आणि तो जाम होतो. हाताला बसणारे दणके रुंद टायर आणि बेतानं भरलेली हवाच कमी करते.

घाटासाठी दात मोजा. पुढच्या सगळ्यात लहान चक्राला ३० आणि मागच्या सगळ्यात मोठ्याला ३४ दात असले की पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचा पूर्ण फेराही होत नाही, म्हणून चढ हलका जातो. आणखी एक, मागच्या दातेरी चक्रांचा संच हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) खाचांत सरकवलेली कॅसेट आहे की आट्यांवर बसवलेलं फ्रीव्हील, हे विचाराच. फ्रीव्हीलच्या हबमध्ये साखळीच्या बाजूचं बेअरिंग आत सरकलेलं असतं, त्यामुळे खड्ड्यांतून जाऊन जाऊन आस वाकतो.

प्रश्न : चिकोडीच्या शिवारातनं जातो, बाभळीच्या काट्यांनी आठवड्याला पंक्चर. ट्यूबलेस करू का?

उत्तर : करता येईल, पण भोक बुजवायला आत घातलेलं पातळ सीलंट उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सुकतं, ते पुन्हा घालण्याचा कंटाळा असेल तर नका करू. आतून पंक्चररोधक पट्टी असलेला टायर आणि ट्यूब बरी. काटा लगेच आत जात नाही, चाकाच्या फेऱ्यागणिक थोडा थोडा रुततो. पाणंदीतून डांबरावर आलात की थांबून चाक फिरवा, टायर बघा आणि दिसेल तो काटा तिथंच उपटा. ट्यूबला बारीक फ्रेंच वॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर कायम वॉल्व्हवरच लावून ठेवा. गावातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाला तो वॉल्व्ह बसत नाही आणि अडॅप्टर नेमका घरी राहतो.

प्रश्न : उंची पाच फूट दोन इंच. शहापूरच्या दुकानात मीडियमच शिल्लक आहे, सीट खाली करून चालेल म्हणतात.

उत्तर : चालणार नाही. सीट खाली येते, पण हँडल जवळ येत नाही. वरचा दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन, दोन्ही टाचा जमिनीला टेकवून उभ्या राहा, दांडा आणि अंगाच्या मध्ये दोन इंच तरी मोकळे हवेत. स्मॉल येईपर्यंत थांबा.

प्रश्न : कणकुंबीच्या पावसात कुठला ब्रेक?

उत्तर : डिस्कच, म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेल्या तबकडीला धरणारा. रिमवर घासणाऱ्या ब्रेकमध्ये जांभ्याची कच अडकते आणि पॅडबरोबर रिमही खाते. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) डिस्क हाताला हलका, पण बिघडला तर बेळगाव गाठावं लागतं. केबलचा डिस्क घेतलात तर एक जादा केबल आणि पाच नंबरची ॲलन की सीटखालच्या पिशवीत टाका, झाडाखाली बसूनही बदलता येते.