नव्याने कॉमिक स्ट्रिप काढतोयस ना, मग हे वाच

पेपरात जागा मिळेपर्यंत थांबू नकोस. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाला, तेव्हा बातम्या चाळता चाळता तो आपसूक नजरेला पडायचा. फोनवर तसं होत नाही. तिथे वाचक मुद्दाम तुझ्याकडे यायला हवा. अमेरिकेतही २०२२ मध्ये ली एंटरप्रायझेस या वृत्तपत्र कंपनीने आपल्या अनेक दैनिकांतल्या कॉमिक्सना कात्री लावली, म्हणजे हे दुखणं सगळीकडचंच.

आता कामाचं. चार चौकटींची आडवी पट्टी उभ्या स्क्रीनवर बोटभर दिसते. म्हणून प्रत्येक चौकट सुटी काढ; छपाईला शेजारी शेजारी लाव, फोनसाठी एकाखाली एक. शेवटची चौकट स्क्रोल केल्यावरच दिसते, हा तर फायदाच! पेपरात वाचकाची नजर आधीच पंचवर, म्हणजे शेवटच्या विनोदावर जाऊन बसायची. अक्षराकडे मात्र नीट लक्ष दे. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार. लहान आकारात 'र्वी' किंवा 'ष्ट्र' म्हणजे नुसता शाईचा डाग. फुग्यातले शब्द कमी कर, ओळींत अंतर सोड. पोस्ट करण्याआधी स्वतःच्या फोनवर, झूम न करता वाचून बघ.

सही चौकटीच्या आत, चित्राला चिकटून कर. कोपऱ्यातली सही व्हॉट्सॲपवर फिरताना पहिली कापली जाते. आणि कुठल्याही दैनिकाशी करार करताना डिजिटल आणि पुस्तकाचे हक्क कुणाकडे राहणार, हे लेखी घे. मानधन थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण पात्र तुझ्याच नावावर हवं.