पेशींचा माग काढण्यासाठी दिलेली अझाइड साखर पेशींना बाधते का?

तुमचा प्रश्न असा आहे: एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये ए५४९ या माणसाच्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींना ५० मायक्रोमोलर एसी४-मॅनएनएझेड (अझाइड हा नायट्रोजनचा गट लावलेली साखर) द्यायचं, एमटीटी या पेशी जिवंत आहेत का ते सांगणाऱ्या चाचणीत पेशी जिवंत दिसल्या की अझाइडला चिकटणारा डीबीसीओ रंग लावून माग काढायचा, चालेल का?

५० नको. १० पासून सुरुवात करा. ए५४९ वरच २०१७ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात ५० मायक्रोमोलरला पेशींची वाढ आणि हालचाल मंदावलेली दिसली. माग काढायला १० पुरतं. पेशी जगल्या म्हणजे पूर्वीसारख्या राहिल्या असं मुळीच नाही, आणि तुम्हाला तर त्यांची हालचालच बघायची आहे!

असं का होतं ते बघा. साखर पेशीत शिरावी म्हणून तिच्यावर चार ॲसिटिल गट चढवलेले असतात. आत एस्टरेज नावाची एन्झाइम ते काढतात, मग साखर सायलिक ॲसिडच्या मार्गाला लागते आणि अझाइडसकट पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांवर येऊन बसते. सायलिक ॲसिड हे बहुतेकदा साखळीचं सगळ्यात बाहेरचं टोक. पेशी कुठे चिकटते, कोण तिला ओळखतं, हे बरंचसं त्यावर ठरतं. म्हणजे खूण लावताना आपण नेमकी तीच जागा बदलतो. शिवाय हीच ॲसिटिल लावलेली साखर एन्झाइमविना, थेट प्रथिनांमधल्या सिस्टीन या अमिनो ॲसिडलाही चिकटते. डोस जास्त असला की हा प्रकार वाढतो आणि नको तिथे चमक दिसते.

रंगाची मला इतकी काळजी वाटत नाही. डीबीसीओला अझाइडशी जुळायला तांबं लागत नाही, आणि जिवंत पेशींना धोका मुख्यतः तांब्याचाच असतो. रसायनशास्त्रज्ञ कॅरोलिन बर्टोझी यांना २०२२ चं नोबेल मिळालं त्यात या तांब्याविना जोडणीचा मोठा वाटा आहे.

कंट्रोल मात्र काटेकोर ठेवा. साखर ज्यात विरघळवतात ते नुसतं डीएमएसओ एक. साखरेविना नुसता रंग दुसरा. तिसरा बहुतेक जण गाळतात, तो गाळू नका: अझाइड नसलेली तीच साखर, एसी४-मॅनएनएसी, त्याच डोसला. त्याशिवाय दोष अझाइडचा की ॲसिटिलचा हे कळणारच नाही. एमटीटीच्या जोडीला स्क्रॅच चाचणी (पेशींच्या थरावर ओरखडा काढून तो किती लवकर भरतो ते बघणं) करा, पेशी वाढवणारं सीरम कमी ठेवून, नाहीतर वाढ आणि सरकणं यांची गल्लत होते.

चमक रोज उतरताना दिसली तर घाबरू नका. प्रत्येक विभाजनात खूण अर्धी वाटली जाते.

आणि आपल्या कोल्हापूरचा पाऊस विसरू नका. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बुरशी धरते आणि पेशी मंदावल्याचं खापर साखरेवर फुटतं. काहीच न दिलेला फ्लास्कही मंद असेल तर आधी ट्रे धुवा, पाणी बदला, पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून आणलेल्या पेशींची गोठवलेली व्हायल (कुपी) काढून नव्याने वाढवा आणि मगच डोसचा प्रयोग परत लावा.