वाचकांचे प्रश्न : त्याला दाखला देऊ नका

प्रश्न : ताई, मी आठवीची वर्गशिक्षिका आहे. माझ्या वर्गातला एक चौदा वर्षांचा मुलगा सहामाही परीक्षेनंतर पार बदलला. आठवड्यातून दोनदाच येतो. हातात नवा मोबाइल, आणि मोटरसायकलवरचे दोघे मोठे त्याला फाटकापाशी सोडतात. वडील नाहीत, आई धुणीभांडी करते. गेल्या आठवड्यात त्याच्या दप्तरात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या पुड्या दिसल्या. विचारलं तर म्हणाला, ‘मी फक्त पोचवतो, बाई.’ मुख्याध्यापक म्हणतात, शाळेचं नाव खराब होण्याआधी दाखला देऊन मोकळे होऊ. पोलिसांत जावं तर पोरालाच उचलतील अशी भीती वाटते. नेमकं कुणाला सांगू? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, ‘मी फक्त पोचवतो’ हे वाक्य बालकल्याण समितीवर, म्हणजे संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचे निर्णय घेणाऱ्या समितीवर, असताना मी सहा वर्षांत किती मुलांच्या तोंडून ऐकलं, ते मोजलं नाही. त्यातला एक मुलगा मात्र अजून डोळ्यांसमोर येतो.

पंधरा वर्षांचा होता. घरातून पळालेला म्हणून रेल्वे पोलिसांनी आमच्यापुढे आणला. कागद मागवत गेलो तसं कळलं, की तीन महिन्यांपूर्वी चोरीच्या प्रकरणात तो बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं ऐकणाऱ्या मंडळापुढे, उभा राहिला होता. त्याआधी हातावरच्या जखमेला दवाखान्यात टाके पडले होते, आणि शाळेनं गैरहजर म्हणून त्याचं नाव कमी केलं होतं. पोलीस, डॉक्टर, शाळा, मंडळ, प्रत्येकाकडे त्याची एकेक चिठ्ठी होती, पण कुणी दुसऱ्याची वाचली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘माझ्यावर अठरा हजार आहेत.’ त्याला पोचवायला दिलेलं पाकीट कुणीतरी हिसकावलं होतं आणि त्याची किंमत त्याच्या नावावर मांडली गेली होती. हिसकावणारे पाकीट देणाऱ्या टोळीतलेच होते, हे तपासात पुढे आलं. आपण विचारतो, पोरगा हे सोडून का देत नाही? उधारी फिटल्याशिवाय सोडता येत नाही, असं त्याला पटवलेलं असतं.

म्हणून आधी एक सांगते. त्या पुड्या तुम्ही काढून घेऊ नका, फेकूही नका. त्यांचा हिशेब त्याच्याकडूनच मागितला जाईल. काय पाहिलं ते तारीख-वेळेसह वहीत लिहा. गाडीचा नंबर सहज दिसला तर तोही. पाठलाग नको.

मग १०९८ ला फोन करा. ही चाइल्ड हेल्पलाइन आता महिला व बाल विकास विभाग चालवतो आणि तिथून निरोप जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातो. समितीकडे तुम्ही थेटही जाऊ शकता, त्यासाठी वकील लागत नाही. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही मुलाला नेता येतं. व्यसनाच्या किंवा तस्करीच्या जाळ्यात ओढलं जाण्याचा धोका असलेलं मूल हे ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’, असं बाल न्याय अधिनियम, २०१५ स्पष्ट म्हणतो.

पोलिसांची भीती मला कळते. ठाण्यात गेलात तर बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण, हे विचारा. प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी नेमलेला असायला हवा. मुलावर गुन्ह्याचा आरोप आला तरी त्याला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांत मंडळापुढे न्यावं लागतं, आणि परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) पंधरा दिवसांत त्याच्या घरची, शाळेची, संगतीची चौकशी करून अहवाल देतो. तुमच्या वहीतल्या नोंदी त्या अहवालात जायला हव्यात.

इथेच खरी गाठ बसते. पोलीस म्हणतात, हा विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेला मुलगा, मंडळाचा विषय. समितीतलं कुणी म्हणतं, मग आमचा नाही. असं म्हणणारे सहकारी मी पाहिलेत आणि त्यांच्याशी भांडलेही आहे. कायद्याच्या कलम ८ मध्येच लिहिलंय, की विधिसंघर्षग्रस्त मूल त्याच वेळी संरक्षणाची गरज असलेलंही असू शकतं आणि अशा वेळी मंडळ व समिती दोघांनी लक्ष घालायचं. तुम्हाला टोलवाटोलवी दिसली तर जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, की शाळा, पोलीस, समिती आणि परिविक्षा अधिकारी यांना एकत्र बसवा. अर्जाची पोच घ्या. तोंडी सांगितलेलं विरून जातं.

मोटरसायकलवरचे ते दोघे सुटू नयेत. मुलाकडून अमली पदार्थांची ने-आण करवणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ तर मुलाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्याला किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त दहा वर्षं कैद सांगतं. तपास मुलाच्या दप्तरापाशी थांबला तर उद्या दुसरं दप्तर मिळेल त्यांना.

आईला गाठा, पण शाळेत बोलावून चारचौघांत नको. तिला बहुतेक अर्धं माहीत असतं आणि ती घाबरलेली असते. एकट्या पालकाच्या मुलासाठी बालसंगोपन योजनेतून महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात, त्याचा आदेश समितीच देते. ही रक्कम टोळीच्या पैशांपुढे किरकोळ आहे, हे मला माहीत आहे. तरी त्या आईसाठी ती कुणीतरी पाठीशी असल्याची पहिली खूण असते. मुलाचं नाव मात्र शिक्षकांच्या खोलीत, व्हॉट्सअॅपवर कुठेच नको. त्याची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

आणि तो दाखला. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ मुख्याध्यापकांसमोर ठेवा. माझ्यापुढे आलेल्या त्या मुलाला शाळेतून नाव कमी झाल्याच्या आठवड्यातच पहिलं पाकीट मिळालं होतं. सकाळी अकराला तो कुठे असतो, हे विचारणारं तेव्हा कुणी उरलं नव्हतं. तुमचा मुलगा अजून आठवड्यातून दोनदा येतोय. उद्या आला तर पुड्यांचा विषय काढू नका. जेवलास का, एवढं विचारा आणि मधल्या सुट्टीत जवळ बसवून घ्या.