जुन्या गाडीच्या टायरमधला हवेचा सेन्सर गेला. वणीकडे बदलून, प्रोग्राम करून होईल का?

हो, होईल. बसवायचं काम टायर उतरवणारा कोणीही करतो, प्रोग्रामिंगसाठी मात्र टीपीएमएसचं (टायरमधल्या हवेच्या दाबावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचं) मशीन असलेलं दुकान शोधा. सेन्सरची बॅटरी सीलबंद असते, ५ ते १० वर्षांत संपते, म्हणून अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. ऑनलाइन घेताना फ्रिक्वेन्सी बघाच: आपल्याकडे बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झ, अमेरिकेतला ३१५ चा आला तर गाडी त्याला ओळखणारच नाही. आणि जुना सेन्सर फेकू नका जी! त्यावर बारीक अक्षरात छापलेला आयडी नव्या प्रोग्रामेबल सेन्सरमध्ये उतरवला, की गाडीला वेगळं शिकवावं लागत नाही. टायरच्याच धंद्यात आहे, म्हणून सांगतो. फक्त एक, काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच, एबीएसवरून (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेवरून) हवा कळते. तिथे सकाळी टायर थंड असताना हवा भरून रीसेट केलं की झालं.