जुना रेडमी, बूटलोडर आणि सहाशे रेकॉर्डिंग

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी आमच्या गावच्या भजनी मंडळाचं काम बघतो. २०१७ साली घेतलेला रेडमी नोट ४ (३ जीबी रॅम, ३२ जीबी) टाळांच्या ट्रंकेतच असतो. तालमीचं रेकॉर्डिंग आणि तंबोऱ्याचं अ‍ॅप, एवढ्यासाठीच तो वापरतो. आता ते अ‍ॅप अपडेट मागतं, आणि अपडेट करायला गेलं की या फोनवर चालणार नाही म्हणतं. अँड्रॉइड ७ च्या पुढचं काही येत नाही. पुतण्या म्हणतो, बूटलोडर बदलला की नवा अँड्रॉइड बसतो. एका दुकानदाराने अर्ध्या तासात ‘बूटलोडर मारून देतो’ म्हणून सांगितलंय. द्यावा का? आत सहाशेच्या वर रेकॉर्डिंग आहेत. आमचे जुने पखवाजी आता नाहीत, त्यांचा हात त्यातच ऐकायला मिळतो.
— एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : दादा, फोन आज कुणाच्याही हातात देऊ नका. आधी रेकॉर्डिंग बाहेर काढा.

फोन केबलने कॉम्प्युटरला लावा, स्क्रीनवर फाइल ट्रान्सफर निवडा आणि एमआययूआय नावाच्या फोल्डरमधला साउंड रेकॉर्डर हा फोल्डर अख्खा उचलून घ्या. दोन ठिकाणी ठेवा, एक कॉम्प्युटरवर आणि एक पेनड्राइव्हवर. नुसती यादी बघून समाधान मानू नका. पखवाजींची चार-पाच रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवरून शेवटपर्यंत वाजवून ऐका. मेमरी कार्ड असेल तर तेही काढून ठेवा. एवढं निक्षून सांगते, कारण नवा अँड्रॉइड बसवायला आधी बूटलोडरचं, म्हणजे अँड्रॉइडला सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं, कुलूप उघडावं लागतं आणि ते उघडताना फोन पुसला जातो. समजा तिथे वाचलाच, तरी नवी सिस्टीम टाकताना डेटा फॉरमॅट करावाच लागतो. त्यानंतर ते रेकॉर्डिंग मलाही परत आणता येणार नाही.

आता ‘बूटलोडर बदलणे’ या शब्दाबद्दल. तुम्ही मंडळी सप्ताह करता, तुम्हाला हे पटकन कळेल. सप्ताहात वीणा खाली टेकत नाही, एका पहारेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. फोन चालू होतो तेव्हा तसंच घडतं. पहिला पहारा चिपच्या आत कोरलेल्या प्रोग्रॅमचा, तो कुणालाच बदलता येत नाही. तो पुढच्याची सही तपासतो आणि मगच वीणा त्याच्या गळ्यात घालतो. असं करत ती बूटलोडरकडे येते आणि बूटलोडर ती अँड्रॉइडकडे देतो. कुलूपबंद बूटलोडर कंपनीची सही असलेल्या अँड्रॉइडलाच वीणा देतो. कुलूप उघडलं की समोर जो उभा असेल त्याला देतो. आपल्याला हवंय ते एवढंच. पहारेकरी तोच राहतो, त्याला दिलेली ताकीद तेवढी बदलते.

दुकानदार ‘मारून देतो’ म्हणतो तेव्हा त्याला विचारा, कुलूप उघडणार की बूटलोडरची फाइलच नवी लिहिणार? दुसरं असेल तर नको म्हणा. ती फाइल भलत्याच मॉडेलची निघाली किंवा लिहिताना मध्येच केबल हलली, तर साखळी तिथेच तुटते आणि पडदा काळा होतो. कॉम्प्युटरला लावल्यावर ‘क्वालकॉम ९००८’ एवढंच नाव दिसतं. तिथून फोन उठवता येतो, पण ते सोपं काम नाही.

तुमच्या मॉडेलमध्ये आणखी एक मेख आहे. रेडमी नोट ४ या एकाच नावाने दोन वेगळे फोन निघाले. भारतात जानेवारी २०१७ मध्ये आला त्यात क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ६२५ ही चिप आहे आणि त्याचं आतलं नाव मिडो. चीनमध्ये त्याआधी मीडियाटेकच्या चिपचाही निघाला होता, तो निकेल. एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. डाउनलोड करताना फाइलच्या नावात मिडो आहे ना, हे दोनदा वाचा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०१८ मध्ये माझ्या टेबलावर दुसऱ्या एका मॉडेलचा फोन होता, त्यावर मी मागच्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर टाकलं. त्या फोनमध्ये अँटी-रोलबॅक होता, म्हणजे आपल्या आकड्यापेक्षा जुनं काही दिसलं की तो सुरूच व्हायचा नाही. मी ती एक ओळ वाचली नव्हती. फोन गेला. गिऱ्हाईक आमच्याच गल्लीतली बाई होती, तिला मी माझा फोन दिला. तेव्हापासून फाइलचं नाव आणि आवृत्ती वहीत लिहिल्याशिवाय मी केबल लावत नाही.

आता तुमचं काम. पुतण्याला बसवा, त्याला जमेल. आधी फोन सपाट टेबलावर ठेवून बघा. डुलत असेल किंवा पडद्याची कड उचललेली दिसत असेल, तर ४१०० एमएएचची ती जुनी बॅटरी फुगली आहे. मग बाकी सगळं थांबवून बॅटरी बदला. तसं काही नसेल तर सेटिंगमध्ये एमआययूआय व्हर्जनवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. तिथे ओईएम अनलॉकिंग चालू करा आणि ‘एमआय अनलॉक स्टेटस’मध्ये जाऊन वायफाय बंद ठेवून, सिमच्या डेटावर, एमआय खातं, म्हणजे रेडमी बनवणाऱ्या शाओमी कंपनीचं खातं, जोडा. ते एमआय खातं कुणाच्या नावावर आहे आणि पासवर्ड कुणाला आठवतो, हे मंडळात आजच विचारून ठेवा. माझ्याकडे येणारी निम्मी कामं तिथेच अडतात.

मग विंडोजच्या कॉम्प्युटरवर कंपनीचंच एमआय अनलॉक टूल घ्या. फोन बंद करून पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धरा, कानटोपी घातलेला ससा अँड्रॉइड दुरुस्त करताना दिसेल. तो फास्टबूट, म्हणजे फोन कॉम्प्युटरकडून हुकूम घेतो ती अवस्था. पहिल्यांदा टूल नाहीच म्हणेल आणि थांबायचे तास सांगेल. मी ७२ पासून ३६० पर्यंत आकडे पाहिलेत, बऱ्याचदा १६८ असतो. १६८ तास म्हणजे बरोबर एक सप्ताह. तेवढे दिवस फोन नेहमीसारखा वापरा. खात्यातून बाहेर पडू नका आणि खातं पुन्हा जोडू नका, नाहीतर मोजणी परत पहिल्यापासून सुरू होते. ‘अर्ध्या तासात’ म्हणणाऱ्याला या सप्ताहाचं काय करणार, तेही विचारा.

कुलूप उघडल्यावर टीडब्ल्यूआरपी रिकव्हरी टाका, म्हणजे बॅकअप घ्यायला आणि नवी सिस्टीम बसवायला लागणारा छोटा प्रोग्रॅम. टाकल्या टाकल्या फोन तसाच चालू होऊ दिला तर जुनी सिस्टीम स्वतःची रिकव्हरी परत बसवते. म्हणून पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण धरून थेट रिकव्हरीत जा. तिथे पहिलं काम ईएफएसचा बॅकअप. आयएमईआय नंबर आणि नेटवर्कची माहिती त्यात असते, ती बिघडली तर सिम चालत नाही. तो बॅकअपही कॉम्प्युटरवर काढा. मग मिडोसाठीचं लिनिएजओएस, म्हणजे कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेला नवा अँड्रॉइड, आणि लगेच त्यानंतर गूगलची अ‍ॅप्स. आधी फोन चालू करून मग गूगल टाकायला गेलात तर कुरकुर होते. केबल चांगली, मायक्रो यूएसबीची. नव्या कॉम्प्युटरच्या निळ्या यूएसबी खाचेत फास्टबूट अडखळलं तर काळी खाच वापरून बघा.

तुमच्या फोनसाठी मी हे करा म्हणते, कारण त्यात बँक नाही. उघड्या बूटलोडरच्या फोनवर बरीच बँकांची आणि यूपीआयची अ‍ॅप्स चालायला नकार देतात. शिवाय ज्याच्या हातात केबल आहे तो त्यात हवं ते लिहू शकतो. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब, सभासदांच्या आधारचे फोटो, काहीही त्यात ठेवू नका. तंबोरा आणि तालीम, बस.

प्रश्न : मी लिनिएजओएस टाकलं, पण आता बँकेचं अ‍ॅप चालत नाही. बूटलोडर परत लॉक केला तर चालेल का?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : लिनिएजओएस असताना लॉक अजिबात करू नका. तुमचा फोनही शाओमीचा असेल तर कुलूप लागताच तो कंपनीची सही शोधेल, ती सापडणार नाही आणि तो चालूच होणार नाही. परतायचंच असेल तर आधी तुमच्या मॉडेलचं कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर टाका, फोन नीट चालू झालेला बघा, मगच लॉक. एमआय फ्लॅश टूल वापरणार असाल तर खाली उजव्या कोपऱ्यात बघा. तिथे ‘क्लीन ऑल अँड लॉक’ आधीपासूनच निवडलेलं असतं. ते काढून ‘क्लीन ऑल’ करा आणि मगच फ्लॅश दाबा.